टेस्ट ड्राइव्ह झाली, आता ठरवायचं कसं? स्पोर्ट्स कार की ग्रँड टूरर: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आगेमागे आम्ही नवराबायकोने चार गाड्या चालवून पाहिल्या: पोर्शे ९११ करेरा, ॲस्टन मार्टिन डीबी१२, मासेराती ग्रॅनटुरिस्मो ट्रोफेओ आणि बेंटली कॉन्टिनेंटल जीटी. चारही एकाच वाटेने, वेगवेगळ्या रविवारी पहाटे. तेव्हापासून धंद्यातले मित्र, सोसायटीतले शेजारी आणि माझा आतेभाऊ तेच तेच प्रश्न विचारतायत. आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं काय तपासायचं, एवढंच ठरलेलं नसतं. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

दोन्ही दोन दारांच्या, दोन्ही महाग, दोन्ही वेगवान. मग फरक कसला?

कशासाठी बनवली, त्याचा. स्पोर्ट्स कार वळणासाठी बनवतात. वजन कमी, स्प्रिंग कडक, आणि रस्त्याची बारीकसारीक बातमी स्टिअरिंगमधून तळहातापर्यंत यायला हवी. ग्रँड टूररचं गणित वेगळं. दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा सकाळी निघून संध्याकाळी पाचसहाशे किलोमीटरवर पोचायला हव्यात, आणि पोचल्यावर माणसं आंघोळ करून जेवायला बाहेर पडतील इतकी ताजी राहायला हवीत.

नावातच ते आहे. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या खानदानी घरांतली मुलं शिक्षण संपलं की फ्रान्स-इटलीच्या लांबलचक सफरीवर निघत, तिला ग्रँड टूर म्हणत. इटालियन लोकांनी त्याचं ग्रान तुरिस्मो केलं, आणि १९५१ च्या लांचा ऑरेलिया बी२० पासून ती ‘जीटी’ अक्षरं गाड्यांच्या नावात रुळली. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, बेंटलीची आर-टाइप कॉन्टिनेंटल आली. चार माणसं आणि सामान घेऊन ती ताशी १६० किलोमीटरच्या वर आरामात धावायची, आणि त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

आज दोन्ही जाती एकमेकींच्या अंगणात शिरल्या आहेत. ॲस्टन मार्टिन तर डीबी१२ ला ‘सुपर टूरर’ म्हणते. त्यामुळे नावावर जाऊ नका, तासाभराने आपली पाठ काय म्हणते ते ऐका.

मग ९११ कोणत्या खात्यात टाकायची?

स्पोर्ट्स कारच्या. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ या नावाने आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर पूजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. इंजिन तेव्हाही मागच्या चाकांच्या मागे होतं, आजही तिथेच आहे. पण या जातीतली रोज ऑफिसला नेता येईल अशी गाडी कोणती, असं विचाराल तर मी तिचंच नाव घेईन. काचेतून चारी बाजू दिसतात, रुंदी १,८५२ मिलिमीटर, त्यामुळे दादरच्या गल्लीत श्वास रोखावा लागत नाही. चौघींत शहराला सर्वांत सोयीची तीच. हे मला चालवेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

मुंबईत टेस्ट ड्राइव्हला कुठे न्यावी?

शोरूमवाले स्वतःहून नेतात ती पंधरा मिनिटांची फेरी बीकेसीच्या गुळगुळीत रस्त्यांवर किंवा सी-लिंकवर असते. तिथे सगळ्याच गाड्या गोड वागतात. आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगा की तासभर हवा आहे आणि वाट आम्ही ठरवणार. गंभीर गिऱ्हाइकाला सहसा नाही म्हणत नाहीत.

आमची वाट अशी होती. प्रभादेवीहून कोस्टल रोड धरून मरीन ड्राइव्ह. मोकळ्या पट्ट्यात मर्यादा ८०, बोगद्यात ६०. बोगदा दोन किलोमीटरचा आहे आणि तो फार कामाचा, कारण काचा बंद करून टायरचा आवाज आणि काचा उघडून इंजिनचा आवाज, दोन्ही तिथे स्वच्छ कळतात. मग ईस्टर्न फ्रीवेने शिवडी आणि अटल सेतू. २१.८ किलोमीटर, मर्यादा १००, एका बाजूचा टोल २५० रुपये. ग्रँड टूररची खरी परीक्षा या पुलावर. क्रूझ कंट्रोल लावा, बायकोशी नेहमीच्या आवाजात बोला. आवाज चढवावा लागतोय का? स्टिअरिंग सारखं सावरावं लागतंय का? खाडीवरचा आडवा वारा गाडीला ढकलतोय का?

परतताना मात्र फ्रीवे सोडला आणि शिवडीहून परळ, लालबागच्या आतल्या रस्त्यांनी आलो. पेव्हर ब्लॉक, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, नाव ना आकार असलेले गतिरोधक. गाडीचं पंचाण्णव टक्के आयुष्य इथेच जाणार आहे. शेवटी आमच्या बिल्डिंगचा रॅम्प, आणि तळघरातली आमची स्वतःची पार्किंगची जागा. ही शेवटची दहा मिनिटं टाळू नका. आमचा निम्मा निर्णय तिथे झाला.

आणि एक कळकळीने सांगतो: लाँच कंट्रोल (उभ्या जागेवरून पूर्ण जोरात सुटायची सोय) दाखवा, असा हट्ट कुठल्याच पुलावर धरू नका. तो रस्ता सगळ्यांचा आहे, आणि त्या चार सेकंदांत गाडीबद्दल काहीच कळत नाही.

चार गाड्या चालवल्या की सगळं एकमेकांत मिसळतं. आठवणीत कसं ठेवायचं?

एका दिवशी दोनच. दोनांमध्ये किमान तासाभराचा चहा-नाश्ता. पहिली गाडी सर्वांत जोरकस असेल तर दुसरी उगाचच मवाळ वाटते, म्हणून शांत गाडी आधी. मोड आधी कम्फर्ट, मग स्पोर्ट, मग पुन्हा कम्फर्ट. परत कम्फर्टवर आल्यावर सुटका झाल्यासारखं वाटलं की कंटाळा आला, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. माझ्याबाबतीत तरी दुसऱ्या कुठल्याही कसोटीपेक्षा हे उत्तर जास्त खरं निघालं.

गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटांच्या आत फोनवर बोलून ठेवा. लिहायला बसलात की माणूस शहाणपणाचं लिहितो, बोलताना खरं बोलतो. मी नंतर ऐकलं तेव्हा ९११ बद्दल सात मिनिटं फक्त स्टिअरिंगवर बोललो होतो. दुसऱ्या एका गाडीबद्दल चौथ्या वाक्यात कंबरेचा विषय निघाला होता. बायकोचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवा, आणि तिने बोलून होईपर्यंत आपलं मत सांगू नका.

एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. शोरूमच्या गाडीत कोणती सीट, कोणती चाकं, कोणतं सस्पेन्शन आहे हे विचारलंच नाही. तुम्ही चालवलेली गाडी आणि तुमच्या ऑर्डरची गाडी यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. एक इंच मोठं चाक म्हणजे टायरची भिंत तेवढी बुटकी, आणि खड्ड्याचा दणका तेवढा सरळ मणक्यात. आम्हाला हे कळल्यावर एक गाडी पुन्हा चालवावी लागली, छोट्या चाकांवर. मत बदललं.

चारशे हॉर्सपॉवर आणि सातशे हॉर्सपॉवर, मुंबईत फरक कळतो का?

आकडे आधी मांडतो. नव्या ९११ करेरात ३ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, ३९४ हॉर्सपॉवर, आणि गाडीचं वजन साधारण दीड टन. ग्रॅनटुरिस्मो ट्रोफेओत ३ लिटरचं व्ही६, ५५०. डीबी१२ मध्ये मर्सिडीज-एएमजीकडून आलेलं ४ लिटरचं व्ही८, ६८० हॉर्सपॉवर आणि ८०० न्यूटन-मीटर टॉर्क. नव्या कॉन्टिनेंटल जीटी स्पीडमध्ये व्ही८ ला विजेच्या मोटरची जोड आहे, ७८२ हॉर्सपॉवर आणि १,००० न्यूटन-मीटर, पण वजन जवळपास अडीच टन. तिचं जुनं १२ सिलिंडरचं इंजिन २०२४ मध्ये बंद झालं. शून्य ते शंभर: करेरा ४.१ सेकंद, बेंटली स्पीड ३.२. म्हणजे सगळ्यांत जड गाडी सगळ्यांत आधी पुढे निघते.

रस्त्यावर कळतो तो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, तोही कमी आरपीएमवर. सिग्नल सुटल्यावर बसच्या पुढे निघायला डीबी१२ चं ॲक्सिलरेटर नुसतं दाबल्यासारखं केलं तरी पुरतं. ९११ मध्ये तुम्ही गिअर उतरवता, इंजिन वर चढतं, आणि त्या कामात आपला हात आहे असं वाटतं. मला ते जास्त आवडलं. पण संध्याकाळी सहा वाजता लालबागच्या पुलावर अडकलो असताना मात्र बेंटलीत बसावंसं वाटलं, कारण तिची बॅटरी २५.९ किलोवॅट-तासांची आहे आणि अशा गर्दीत ती इंजिन सुरू न करता, अगदी आवाज न करता पुढे सरकते. दिवसभराच्या कामानंतर ती शांतता फार मोलाची वाटते.

वजन लपत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. वळणात इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेतं. ब्रेकच्या पहिल्या स्पर्शात ते कळतंच.

खाली घासते का हो?

घासते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तसा असेल तर या चारही गाड्या हळूहळू सहज पार होतात, कारण चढ लांब आणि मंद असतो. पण सोसायट्यांमध्ये आणि आतल्या गल्ल्यांत जे हातभर रुंदीचे उंच उंचवटे टाकलेत, त्यांच्यावर पोट टेकायची भीती. त्यात ग्रँड टूररची पुढची-मागची चाकं एकमेकांपासून दूर, त्यामुळे मधला भाग आधी टेकतो. ९११ मध्ये हे अंतर २,४५० मिलिमीटर, म्हणून तिथे ती जिंकते.

पुढचं नाक वर उचलायची सोय मुंबईत ऐच्छिक समजू नका. ९११ मध्ये ती जादा पैसे देऊन मिळते, नाक सुमारे ४ सेंटिमीटर वर जातं. काही गाड्या तर जागाही लक्षात ठेवतात, म्हणजे आपल्या फाटकाशी आलं की आपोआप नाक वर. ग्रॅनटुरिस्मोत हवेचं सस्पेन्शन असल्याने गाडी उंच करता येते. टेस्ट ड्राइव्हला हे बटण स्वतः दाबून पाहा, किती सेकंद लागतात ते मोजा. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना ते सेकंद फार लांब असतात.

आमच्या रॅम्पवर एका गाडीचा पुढचा ओठ घासला. शोरूमचा मुलगा शेजारी बसला होता, बिचारा काही बोलला नाही, पण तो आवाज माझ्या कानांतून दोन दिवस गेला नाही. रॅम्पवर तिरकं चढायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

पार्किंग लिफ्टमध्ये मावेल?

लिफ्टच्या पाटीवर रुंदी, लांबी आणि वजन लिहिलेलं असतं. फोटो काढून शोरूमला न्या. कॉन्टिनेंटल जीटी लांबीला जवळपास ४.९ मीटर, ग्रॅनटुरिस्मो जवळपास ५. रुंदी आरसे उघडे धरून मोजा, आणि दार उघडून माणूस बाहेर पडेल का तेही. दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात, हे तळघरातल्या खांबाशेजारी उभं राहिल्यावरच उमगतं.

मागे आई-बाबा बसतील का?

९११ मध्ये नाही. नव्या कूपेत मुळात दोनच सीट येतात, मागच्या सीट वेगळ्या मागाव्या लागतात, आणि त्या शाळकरी मुलांसाठी किंवा दप्तरांसाठी. डीबी१२ मध्येही तसंच समजा. ग्रॅनटुरिस्मोत मोठी माणसं खरंच बसतात. माझी आई बसली, लोअर परळ ते शिवाजी पार्क, आणि उतरताना फक्त एक हात मागितला. चौघींत या प्रश्नाचं इतकं साफ उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नाही.

घरातल्या बायकांना टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी साडी नेसून एकदा चढ-उतर करायला सांगा. लग्नकार्याला गाडी न्यायची असेल तर ही तपासणी हॉर्सपॉवरपेक्षा महत्त्वाची आहे.

गणपतीला गावी जायचं, सामानाचं काय?

९११ ची पुढची डिकी सुमारे १३५ लिटर, ग्रॅनटुरिस्मोची ३१०, नव्या बेंटलीची बॅटरीमुळे २६०. आपल्याच दोन बॅगा घेऊन जा आणि ठेवून पाहा. संकोच कसला?

आवाजाचा सोसायटीला त्रास होतो का?

थंड इंजिन सुरू होताना सर्वांत मोठा आवाज येतो, तोही तळघरात, पहाटे साडेपाचला. आवाज कमी ठेवायचं बटण आहे का आणि ते सुरू व्हायच्या आधीच लागू होतं का, ते विचारा. आमच्या वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न बारीक नव्हता. दुसरं म्हणजे शंभरच्या वेगाला केबिनमध्ये घुमणारा एकसुरी आवाज. पाच मिनिटं तो रुबाबदार वाटतो, खालापूर येईपर्यंत डोकं धरतं. अटल सेतू त्यासाठीच सांगितला.

पावसाळ्यात चालवता येते?

पाऊस चालतो, साचलेलं पाणी नाही. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट, या जागा या गाड्यांसाठी जून ते सप्टेंबर नकाशातून खोडून टाका. रुंद टायर पाण्याच्या थरावर लवकर तरंगतात. टायर कमी खाचांचे, रेसिंगच्या जातीचे असतील तर ते बदलूनच घ्या. साचलेल्या पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला तर साधा विमा सहसा ते नुकसान भरत नाही, इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते. ती घ्याच. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी भरतीच्या दिवसांत गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्यावी. वरळी सी-फेसवर तुषार काचेवर पांढरे डाग सोडतात, ते गाडीच्या पोटालाही लागतात.

पेट्रोल कोणतं?

दाराच्या किंवा टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलंय ते. ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मुंबईत मिळतं, इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून आहे. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, चालतं का आणि वॉरंटी कायम राहते का, हे तोंडी न विचारता लेखी मागा.

ऑन-रोड किंमत इतकी कशी फुगते?

पूर्ण बनवून आणलेल्या महागड्या गाडीवर आयातीचा एकूण भार ११० टक्क्यांच्या घरात. त्यावर जीएसटी, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. मग महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर, आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के. मात्र या कराला कमाल मर्यादा आहे: आधी २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख. शिवाय एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, तो विवरणपत्र भरताना वळता होतो, सीएला आठवण करा. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झालेल्या करारामुळे तिथल्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने आणि कोट्यापुरतं उतरणार आहे. बेंटली किंवा ॲस्टन मार्टिन मनात असेल आणि घाई नसेल, तर सही करण्याआधी हे विचारून घ्या.

कार्बन सिरॅमिक ब्रेकवर, म्हणजे खूप तापले तरी टिकणाऱ्या महागड्या ब्रेकवर, मी खर्च केला नसता. पुणे एक्सप्रेसवेच्या घाटात मर्यादा ६० आहे, तिथे साधे ब्रेक पुरून उरतात. तो पैसा चांगल्या सीटवर घाला.

“सर, एकच गाडी शिल्लक आहे” म्हणतात. काय करू?

घरी जा, झोपा. तिसऱ्या दिवशी सकाळी कोणती गाडी आठवते ते पाहा.

शेवटी तुम्ही कोणती घेतली?

हृदय ९११ मध्ये होतं. मोकळी वळणं आली की तिच्यासारखी दुसरी नाही, आणि मी एकटा असतो तर चेक त्याच दिवशी फाडला असता. पण आमचा प्रवास ठरलेला आहे: वर्षातून पाचसहा वेळा चिपळूण, आई सोबत, जाताना रिकाम्या बॅगा आणि येताना आंबे, कोकम, फणसाची साटं.

९११ मध्ये बायको अटल सेतूवर सरळ बसून रस्ता बघत होती, डोळे चमकत होते, एक हात दारावर. ग्रॅनटुरिस्मोत आम्ही शिवडीहून निघालो तेव्हा ती मुलीच्या परीक्षेबद्दल काहीतरी सांगत होती. पुलाच्या मध्यावर तिचं वाक्य अर्धवट राहिलं. मी बघितलं तर मान खिडकीकडे कललेली, गाढ झोप. न्हावा-शेव्याचा टोलनाका येईपर्यंत मी रेडिओसुद्धा लावला नाही. बुकिंग दुसऱ्या आठवड्यात केलं, छोट्या चाकांवर, गडद निळी.